‘द हॅझर्ड्‌स ऑफ लव्ह’ आणि त्याचे श्रोते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम कोणाचा आहे?

‘द डिसेंबरिस्ट्स’ हा अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराचा इंडी (स्वतंत्र वळणाचा) रॉक बँड आहे. कॉलिन मेलॉय हे त्याचे गीतकार आणि मुख्य गायक, तर ख्रिस फंक, जेनी कॉन्ली, नेट क्वेरी आणि जॉन मोएन हे या अल्बमच्या वेळचे बाकीचे चार वादक. ‘द हॅझर्ड्‌स ऑफ लव्ह’ हा त्यांचा पाचवा पूर्ण लांबीचा अल्बम. तो मार्च २००९ मध्ये ‘कॅपिटल रेकॉर्ड्‌स’ने प्रकाशित केला, १७ तारखेला तो डिजिटल स्वरूपात आला आणि आठवड्याने, २४ तारखेला, सीडी दुकानांत आली. सतरा तुकडे, सुमारे ५८ मिनिटे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट, असे त्याचे स्वरूप आहे.

‘गोष्ट सांगणारी गाणी’ हा बँड आधीपासूनच करत होता. मग या अल्बममध्ये वेगळे काय होते?

हा प्रश्न रास्त आहे, कारण या बँडची ओळखच मुळी कथागीतांमुळे झाली होती. २००४ मध्ये त्यांनी एका प्राचीन आयरिश वीरकथेवर अठरा मिनिटांहून मोठी, पाच भागांची एकच सलग रचना केली. २००५ च्या ‘पिकारेस्क’ या अल्बममध्ये देवमाशाच्या पोटात अडकलेल्या दोन खलाशांची सूडकथा होती. ते गाणे प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजू लागले, की देवमासा गिळायला येतो त्या क्षणी प्रेक्षकांनी एकत्र किंकाळी फोडायची, असा रिवाजच पडला होता. २००६ च्या ‘द क्रेन वाइफ’ला जपानी लोककथेचा आधार होता. म्हणजे श्रोत्यांना गोष्टीची सवय होती आणि ते त्यात हौसेने सामीलही होत होते.

मात्र त्या सगळ्या गोष्टी एका गाण्यात किंवा फार तर दोन-तीन गाण्यांत सुरू होऊन तिथेच संपत होत्या. एखादे गाणे आवडले नाही, तर पुढच्या गाण्यात नवी माणसे आणि नवे गाव भेटत असे. ‘हॅझर्ड्‌स’मध्ये ही सोय उरली नाही. एक गाणे दुसऱ्यात वाहत जाते, मध्ये शांतता मिळत नाही आणि पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही गोष्टीत शिरला नाहीत, तर उरलेली पन्नास मिनिटे बाहेरच उभे राहावे लागते. या अल्बमवरून श्रोत्यांमध्ये ‘जिवापाड आवडला’ आणि ‘कळलाच नाही’ अशी जी फूट पडली तिचे मूळ माझ्या मते इथेच आहे, आणि पुढची बरीचशी उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरणार आहेत.

हे नाव आणि ही कल्पना कुठून आली?

इंग्लंडच्या लोकगीत गायिका ॲन ब्रिग्ज यांची १९६४ मध्ये याच नावाची एक छोटी ध्वनिमुद्रिका निघाली होती. गंमत अशी, की त्या मुद्रिकेवर या नावाचे गाणेच नाही. मेलॉय यांना त्या नावाने भुरळ घातली आणि नसलेले शीर्षकगीत आपणच लिहावे असे त्यांना वाटले. एका गाण्याची चार झाली, त्यांच्या आजूबाजूला पात्रे उभी राहिली. काही काळ याचे रंगभूमीवरचे संगीतनाट्य करण्याचा विचार होता. तो सोडून देऊन अखेर अल्बमच करायचे ठरले. रंगमंचासाठी कल्पिलेली गोष्ट रंगमंचाविना आपल्यापर्यंत आली, ही बाब लक्षात ठेवावी. ज्यांना अल्बम कळला नाही आणि ज्यांना तो जिवापाड आवडला, त्या दोघांच्याही प्रतिक्रिया त्यामुळे समजून घेता येतात.

थोडक्यात कथा काय आहे? (ज्यांना ती आधी कळू द्यायची नसेल, त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जावे.)

मार्गारेट नावाची तरुणी रानातून जात असताना तिला एक जखमी पाडस दिसते. ती त्याच्यावर उपचार करायला थांबते, तेव्हा ते रूप पालटते आणि तिच्यासमोर विल्यम उभा राहतो. दोघांचे मीलन होते, मार्गारेटला दिवस जातात आणि ती त्याचा शोध घेत पुन्हा रानात येते. विल्यमला तान्हेपणी वाचवून वाढवणारी रानाची राणी या प्रेमाने संतापते. विल्यम तिच्याकडे एका रात्रीची मोकळीक मागतो. राणी ती देते, पण पहाट होताच त्याचे आयुष्य पुन्हा माझे, अशी अट घालून.

त्यानंतर गोष्टीत ‘रेक’ येतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द लंपट, बेछूट पुरुषासाठी वापरला जात असे. त्याची बायको चौथ्या बाळंतपणात गेली, ते मूलही गेले, आणि मागे राहिलेल्या तीन मुलांचे ओझे नको म्हणून त्याने स्वतःच त्या तिघांना मारून टाकले. तो मार्गारेटला पळवतो. समोर ॲनन नदी दुथडी भरून वाहत असते आणि राणी त्याला पैलतीरी पोहोचवते. मागून आलेला विल्यम नदीची विनवणी करतो, की आता मला पलीकडे जाऊ दे, परत येताना माझी हाडे तुझी. पलीकडे रेकच्या मेलेल्या मुलांची भुते बापावर सूड उगवतात. विल्यम आणि मार्गारेट भेटतात, परत निघतात, आणि नदी आपले देणे वसूल करते. पाण्यात बुडता बुडताच ते एकमेकांशी लग्न लावतात.

मी दोनदा ऐकला, तरी कोण कोणाशी बोलते आहे हेच कळले नाही. माझे काही चुकते आहे का?

नाही. ही या अल्बमबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. मार्गारेट बेकी स्टार्क यांनी गायली आहे, राणी शारा वर्डेन (आताच्या शारा नोव्हा) यांनी गायली आहे, आणि या दोन आवाजांत गोंधळ होण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण पुरुषपात्रांची आहे. विल्यमही मेलॉय गातात, रेकही मेलॉय गातात आणि निवेदन करणारा आवाजही बहुतांशी त्यांचाच आहे. नायक आणि खलनायक एकाच गळ्यातून, एकाच नाकातल्या ठसक्यासह येत असतील, तर गीतांचा कागद हातात नसलेल्या माणसाने ओळखायचे कसे?

मराठी श्रोत्याला इथे एक तुलना सहज सुचेल. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला गीतरामायण प्रसारित झाले तेव्हा निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे सुधीर फडके यांनी जाहीर कार्यक्रमांत ती सगळी एकट्याने गायली. राम, कौसल्या, सीता, हनुमान, सगळे एकाच गळ्यातून. तरी कोणाचा गोंधळ झाला नाही. रामकथा श्रोत्यांच्या रक्तात होती, छप्पन्न गीतांमधल्या मोकळ्या जागा त्यांना आधीच माहीत होत्या, आणि गदिमांच्या शब्दांतून बोलणारा कोण हे पहिल्या एक-दोन ओळींतच उमगत असे. मेलॉय यांनी तीच पद्धत वापरली, पण त्यांची कथा कोणालाच आधी ठाऊक नव्हती. तिचे सुटे भाग जुन्या ब्रिटिश कथागीतांतून आले आहेत हे खरे; रानात भेटणारा रूप पालटलेला प्रियकर, त्याला सोडायला तयार नसलेली परीलोकाची राणी आणि काही पाठांत मार्गारेट हेच नाव असलेली नायिका ‘टॅम लिन’ या स्कॉटिश कथागीतात भेटतात, आणि ‘ॲनन वॉटर’ नावाचे, प्रेयसीकडे जाताना नदीत बुडालेल्या प्रियकराचे गीतही जुनेच आहे. ज्या श्रोत्यांना ही परंपरा माहीत होती ते लगेच रमले. बाकीच्यांना ती माहीत असेल असे गृहीत धरणे हा लेखकाचा अंदाज चुकला, असे माझे प्रामाणिक मत आहे. मी या अल्बमवर मनापासून प्रेम करतो, तरीही हे मत बदलण्याचे कारण मला सापडलेले नाही.

जुन्या चाहत्यांना धक्का कशाचा बसला?

गिटारचा. ॲकॉर्डियन, अकूस्टिक गिटार, समुद्री गाण्यांचा डोल आणि दप्तरात शब्दकोश असलेल्या विद्यार्थ्याची विनोदबुद्धी, अशी या बँडची प्रतिमा होती. ‘हॅझर्ड्‌स’मध्ये अचानक सत्तरच्या दशकातल्या हेवी मेटलसारखे जड, खालच्या पट्टीतले रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे सूरवाक्य) आले. ‘अ बाउअर सीन’ आणि ‘वोंट वाँट फॉर लव्ह’ ही लागोपाठची दोन गाणी ऐकताना आपण चुकीची सीडी लावली की काय असे वाटू शकते. इंग्लंडमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत लोकसंगीत आणि रॉक यांचा जो संकर झाला, त्याची ही पुढची पायरी आहे. पण ज्यांना ‘पिकारेस्क’चा हलकाफुलका चावटपणा हवा होता, त्यांना हा अल्बम फार गंभीर आणि फार अवजड वाटला. त्याच वेळी, एरवी या बँडला ‘नाटकी’ म्हणून टाळणारे मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचे काही श्रोते इथे पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. समीक्षकही असेच विभागले गेले. कोणी याला बँडची सर्वोच्च झेप मानले, तर कोणाच्या मते महत्त्वाकांक्षेने गाण्यांचा गळा घोटला होता.

राणीच्या गाण्यांबद्दल मात्र सगळ्यांचे एकमत कसे?

अल्बम न आवडलेली माणसेही बोलता बोलता थांबून म्हणतात, ‘पण ती राणी!’ शारा नोव्हा यांनी शास्त्रीय ऑपेरा गायनाचे शिक्षण घेतले आहे, आणि स्वतःच्या ‘माय ब्राइटेस्ट डायमंड’ या नावाखाली त्या रॉक गातात. ‘द वाँटिंग कम्स इन वेव्ह्ज / रिपेड’ हे गाणे याचा उत्तम नमुना आहे. पूर्वार्धात विल्यम आपली ओढ लाटांसारखी सांगतो. सूर उंच, मोकळा, जवळजवळ निरागस. मग एक जाड, ब्लूज वळणाचा रिफ खाली कोसळतो आणि राणी बोलू लागते. मी तुला वाचवले, तुला वाढवले, आणि त्याची ही परतफेड? हा तिचा सवाल आहे. तिच्या आवाजात राग आहे आणि त्याच्या तळाशी एका आईचे दुखावलेपण आहे; ही दोन्ही एकदम ऐकू येतात, ही त्या गायनाची कमाल आहे.

दुसरे कारण नाट्यलेखनाचे आहे. संपूर्ण अल्बममध्ये ज्या मोजक्या ठिकाणी दोन पात्रे समोरासमोर उभी राहून खरोखर भांडतात, त्यांतले हे मुख्य ठिकाण. प्रत्येकाला काहीतरी हवे आहे आणि ते दुसऱ्याच्या हातात आहे. इथे श्रोत्याला गीतांचा कागद लागत नाही, कोण कोणाचे काय लागते हे सांगावे लागत नाही. अल्बमच्या बाकी भागात असे प्रसंग आणखी तीन-चार असते, तर ‘कथा कळत नाही’ ही तक्रार निम्म्याने कमी झाली असती.

‘द रेक्स साँग’ एवढे लोकप्रिय कसे झाले? ते फार क्रूर नाही का?

क्रूर आहेच. एक बाप आपल्या मुलांना कसे मारले ते एकामागून एक सांगतो. एकीला विषारी फुले खाऊ घातली, दुसरीला न्हाणीत बुडवले, तिसऱ्याने झुंज दिली म्हणून त्याच्यावर चिडला. आणि हे सारे तो विलक्षण गुणगुणता येईल अशा चालीत सांगतो, मध्ये मध्ये ‘ऑलराइट’चा घोष करतो. अल्बम यायच्या आधी हेच गाणे विनामूल्य ऐकायला दिले गेले होते, त्यामुळे पुष्कळांची अल्बमशी पहिली ओळख या खुन्याच्या तोंडून झाली. प्रत्यक्ष कार्यक्रमांत तर बँडमधले जवळजवळ सगळेच ढोल घेऊन उभे राहत आणि एकाच ठेक्यावर ते बडवत. त्या आवाजाची नशा अशी होती, की प्रेक्षकही मोठ्याने ‘ऑलराइट’ ओरडत.

याबद्दल श्रोत्यांच्या दोन ठाम प्रतिक्रिया आहेत. काहींना हा बीभत्सपणा उगाच वाटतो, विशेषतः स्वतः आईबाप असलेल्यांना. लहान मुलांच्या मृत्यूवर टाळ्यांचा ठेका धरणे त्यांना सहन होत नाही. मला हा आक्षेप आदराने ऐकण्यासारखा वाटतो. खून, बालहत्या, भुते हे सगळे जुन्या कथागीतांच्या परंपरेत आहेच, पण परंपरा आहे म्हणून प्रत्येकाने ते पचवावे असे होत नाही. मात्र दुसऱ्या बाजूचे म्हणणेही लक्षात घ्यायला हवे. हे गाणे एकटे ऐकले, तर खुन्याला शिक्षा होत नाही आणि आपण त्याच्याबरोबर ठेका धरलेला राहतो. अल्बममध्ये पाच गाण्यांनंतर, ‘रिव्हेंज!’ या भागात, तीच मेलेली मुले लहान मुलांच्या खऱ्याखुऱ्या आवाजांत येतात आणि प्रत्येक जण आपल्याला कसे मारले हे स्वतः सांगते. हार्पसिकॉर्डच्या काटेरी सुरांवर ते कोवळे आवाज ऐकले, की मघाशी आपण कशावर मान डोलावली होती ते आठवून अंगावर शहारा येतो. म्हणजे पहिल्या गाण्यातली मजा ही लावलेला सापळा होती. सुटे गाणे ऐकणाऱ्याला हा सापळा कधी कळतच नाही, आणि २००९ मध्ये बहुतेकांनी ते आधी सुटेच ऐकले.

तेच तेच सूर पुन्हा पुन्हा का येतात?

शीर्षकगीताचे चार भाग आहेत, ‘लाटां’चे गाणे दोनदा येते, राणीचा रिफ परत येतो. काही श्रोते याला सरळ सरळ कल्पनांचा दुष्काळ म्हणतात. आठ-नऊ गाण्यांचा ऐवज ताणून सतरा केला, असा त्यांचा आरोप आहे. मला तो मान्य नाही. सूर परत येतो तेव्हा परिस्थिती पालटलेली असते. शीर्षकगीताच्या पहिल्या भागात भेटीचा आनंद आहे, दुसऱ्यात सर्वस्व पणाला लावण्याची तयारी, तिसऱ्यात भुतांचा सूड, चौथ्यात मरण. ‘लाटा’ पहिल्यांदा येतात तेव्हा ते ओढीचे रूपक असते, आणि दुसऱ्यांदा येतात तेव्हा खरीखुरी नदी पुढ्यात असते. हे लक्षात आल्यावर माझे ऐकणेच बदलून गेले. मात्र मधले दोन-तीन छोटे तुकडे, उदाहरणार्थ ‘द क्वीन्स ॲप्रोच’, केवळ सांधेजोड म्हणून आहेत हे कबूल करावे लागते.

भाषा इतकी जड का आहे?

मेलॉय यांनी सर्जनशील लेखनाचे विद्यापीठीय शिक्षण घेतलेले आहे आणि जुने, वापरातून गेलेले शब्द त्यांना प्रिय आहेत. इथे त्याचा अतिरेक झाला, असे इंग्रजी मातृभाषा असलेले श्रोतेही म्हणतात. भूगोलही मुद्दाम सैल ठेवला आहे. मार्गारेट रशिया-कॅनडासारख्या उत्तरेकडच्या ‘टायगा’ रानात हिंडते आणि वाटेत नदी लागते ती स्कॉटलंडमधली. ही जागा नकाशावर नाही, ती फक्त गाण्यांत आहे, एवढे मानले की अडखळायला होत नाही.

मार्गारेट हे पात्र फार दुबळे नाही का?

हा आक्षेप अलीकडच्या काळात जास्त ऐकू येतो आणि तो योग्य आहे. तिला भेटवले जाते, पळवले जाते, कैद केले जाते, सोडवले जाते. उत्तरार्धात तिच्या वाट्याला आर्त हाकांखेरीज फारसे काही येत नाही. बेकी स्टार्क यांचा आवाज अतिशय स्वच्छ आणि हळवा आहे, पण त्या आवाजाला करण्यासारखे काही दिलेले नाही. राणीचे पात्र जितके भरीव, तितके हे पोकळ. शिवाय अल्बममधली एकमेव ताकदवान स्त्री दुष्ट आहे, हेही नजरेतून सुटत नाही. जुन्या ‘टॅम लिन’मध्ये तर नायिकाच प्रियकराला राणीच्या तावडीतून सोडवते. तो प्रियकर तिच्या मिठीत साप होतो, जळता निखारा होतो, तरी ती हात सोडत नाही. ती मिठी मेलॉय यांनी या कथेत आणली असती, तर हा अल्बम कुठल्या कुठे गेला असता, असे मला नेहमी वाटते.

गाणी एकेकटी ऐकली तर चालते का?

चालते, पण नुकसान तुमचेच. २००९ हा आयपॉड आणि शफलचा, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने ऐकण्याचा, काळ होता. जोडलेली गाणी सुट्या फायलींत तुटल्यावर त्या काळच्या अनेक उपकरणांवर दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर खंड पडायचा, आणि जिथे सूर अखंड वाहायला हवा तिथे तो ठेचकाळायचा. सीडीवर ऐकणाऱ्या आणि फोनवर ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या मतांत जो फरक दिसे, त्याला हे साधे तांत्रिक कारणही होते. आज ऐकायचे असल्यास आपल्या ॲपमध्ये गाण्यांमधला क्रॉसफेड (एका गाण्याच्या शेवटात दुसऱ्याची सुरुवात मिसळण्याची सोय) बंद आहे आणि शफलही बंद आहे, एवढे पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष कार्यक्रमांत लोकांना तो कसा वाटला?

अल्बम बाजारात येण्याच्या त्याच आठवड्यात, मार्च २००९ मध्ये, टेक्सासमधील ऑस्टिन शहरात ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवात बँडने तो संपूर्ण, मध्ये न थांबता सादर केला. तिथे जमलेल्या बहुतेकांनी तोपर्यंत तो पुरता ऐकलेलाही नव्हता. त्यानंतरच्या दौऱ्यात कार्यक्रमाच्या पूर्वार्धात पूर्ण ‘हॅझर्ड्‌स’ आणि उत्तरार्धात जुनी गाणी, अशी विभागणी असे. स्टार्क आणि नोव्हा दोघीही रंगमंचावर असत.

ध्वनिमुद्रण ऐकून साशंक असलेल्यांचे मत इथे बदलल्याची उदाहरणे मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि त्यात नवल नाही. पांढऱ्या वेशातली मार्गारेट आणि काळ्या वेशातली राणी डोळ्यांसमोर असली, की कोण बोलते आहे हा प्रश्नच मिटतो. रंगभूमीसाठी जन्मलेली गोष्ट रंगभूमीवर गेल्यावर मोकळी झाली. २००९ च्या अखेरीस या संपूर्ण अल्बमवर चार ॲनिमेशन दिग्दर्शकांनी मिळून केलेली चित्रफीतही आली. मात्र तिच्यात कथा दाखवण्यापेक्षा आकार आणि रंग यांचा खेळ जास्त आहे, त्यामुळे कथा समजून घेण्यासाठी तिचा उपयोग होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

शेवट दुःखद आहे की सुखाचा?

याबद्दल श्रोते अजूनही वाद घालतात. दोघे मरतात, हे निश्चित. पण शेवटच्या ‘द ड्राउन्ड’मध्ये जड गिटार पूर्ण मागे जाते आणि ख्रिस फंक यांची पेडल स्टील गिटार संथपणे तरंगत राहते, पाणी वर येते तसे ते दोघे म्हणतात, की प्रेमातली ही संकटे आता आपल्याला पुन्हा कधी छळणार नाहीत. मला स्वतःला हे सांत्वन पुरत नाही, कारण त्यांना बुडवणारा करार विल्यमने स्वतः केला होता आणि मार्गारेटला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. तिच्या पोटातल्या बाळाचा तर शेवटी उल्लेखही होत नाही. पण ही चाल इतकी शांत आहे, की विचार करायला सुरुवात करेपर्यंत ती मनात उतरलेली असते.

विक्री कशी झाली? आणि बँडने पुढे असे पुन्हा का केले नाही?

अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड २००’ यादीत तो चौदाव्या क्रमांकापर्यंत गेला. इंडी बँडच्या तासाभराच्या कथागीतासाठी हे यश मोठेच म्हणावे लागेल. त्यानंतर त्यांनी ओरेगनमधल्या एका शेतावरच्या धान्यकोठारात ‘द किंग इज डेड’ ध्वनिमुद्रित केला. सुटी, छोटी, अमेरिकन ग्रामीण संगीताच्या वळणाची गाणी. जानेवारी २०११ मध्ये तो त्याच यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यावरून ‘हॅझर्ड्‌स ही चूक होती आणि बँडला ती उमगली’ असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. एवढी लांब, बांधीव रचना केल्यावर कोणालाही मोकळ्या हवेत यावेसे वाटेल. शिवाय लांब रचनेची ओढ संपली नव्हती. २०२४ च्या त्यांच्या अल्बमचा शेवट सुमारे एकोणीस मिनिटांच्या एकाच गाण्याने होतो.

पहिल्यांदाच ऐकणार आहे. कसे ऐकू?

आधी वर दिलेली कथा वाचून घ्या. इथे आधी कथा कळण्याने रसभंग होत नाही, उलट मदतच होते. गीतांचे शब्द समोर ठेवा. तासभर सलग मिळेल तेव्हाच सुरुवात करा, आणि आवाज पुरेसा मोठा ठेवा, कारण ‘प्रील्यूड’मधला ऑर्गन इतक्या हळू सुरू होतो, की काही ऐकूच येत नाही असे वाटून लोक गाणे पुढे ढकलतात.

एवढा वेळ नसेल आणि एकच गाणे ऐकायचे असेल तर?

‘ॲनन वॉटर’. विल्यम नदीच्या काठावर उभा आहे. कडव्यांमध्ये गिटार वेगाने धावते आणि नदीचा लोंढा अंगावर येतो. मग ध्रुवपदाशी सगळे एकाएकी थांबते आणि जवळजवळ प्रार्थनेच्या सुरात तो तिला आपली हाडे देऊ करतो. मागचे-पुढचे काही माहीत नसले, तरी एक माणूस नदीशी सौदा करतो आहे हे कळते, आणि तो सौदा तो पाळणार आहे हेही कळते.